रिकाम्या जागेवर लावलेला रेडिओ

देसले सरांची आणि माझी पहिली ओळख भिंतीआडून झाली, आणि ती झाली तेव्हा मी घाबरून घराबाहेर पळाले होते. गौरवग्रंथात असं लिहितात की नाही, मला माहीत नाही. पण समितीने 'सरांच्या आठवणी लिहा' असं सांगितलं, आणि माझ्याकडच्या त्यांच्या सगळ्या आठवणी धक्का बसल्याच्याच आहेत. त्याला माझा इलाज नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मराठीची शिक्षिका म्हणून वैशाखऱ्याच्या अलीकडच्या आपल्या शाळेत रुजू झाले. कल्याणहून मुरबाड आणि मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलेली एसटी, एवढ्या प्रवासाने अंग खिळखिळं झालं होतं. हिराबाई मावशींच्या घराची एक बाजू मला भाड्याने मिळाली; मावशी स्वतः मागच्या भागात राहत. दुसऱ्या बाजूला शाळेतले विज्ञानाचे शिक्षक देसले सर आणि त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी राहत. मधे नुसता शेणाने सारवलेला कारवीचा कूड. सर त्या दिवशी कामाने मुरबाडला गेले होते, त्यामुळे शाळेत भेट झाली नव्हती.

दिवेलागणीला मी स्टोव्ह पेटवत होते, तेवढ्यात कुडापलीकडून एक पुरुष बोलू लागला. एक अक्षर कळेना. मग एक बाई बोलली, ती दुसऱ्याच भाषेत. मग तिसराच कोणी तावातावाने भाषण करू लागला आणि मधेच पाण्यात बुडाल्यासारखा नाहीसा झाला. मी स्टोव्ह तसाच टाकून मावशींच्या चुलीपाशी धावले.

"मावशी, पलीकडे किती माणसं राहतात?"

"दोन. सर नि वहिनी."

"मग एवढी माणसं बोलतायत ती कोण?"

मावशींनी भाकरी उलटली. "ती होय? ते रोजचंच हाय. दिवस बुडाला की सरांकडं पावणे येतात. दिसत नाय, जेवत नाय. तुमी घाबरू नका गो बाई."

हे ऐकून कोण घाबरणार नाही? मी अंगणात येऊन उभी राहिले. तेवढ्यात पलीकडच्या दारातून एक उंच, सडपातळ, धोतर-सदऱ्यातले गृहस्थ बाहेर आले. हातात तान्हं मूल घ्यावं तसा त्यांनी रेडिओ धरला होता. मला पाहून ते अदबीने म्हणाले, "नवीन बाई ना तुम्ही? आवाजाचा त्रास झाला का? ही कोलंबो होती. आता मस्कत येतंय का बघतो." आपल्या धाकट्या बहिणीची ओळख करून द्यावी इतक्या सहजपणे त्यांनी मला कोलंबोची ओळख करून दिली.

सर मूळचे शहापूर तालुक्यातले, कसाऱ्याकडचे. वडील रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होते. रेल्वे वसाहतीत कोणाकडे तरी मोठा रेडिओ होता, आणि दुपारी ज्या जागेवर काहीच लागत नसे तिथे संध्याकाळी एक परका माणूस बोलतो, हे सरांनी लहानपणी पहिल्यांदा ऐकलं. त्या आश्चर्यातून ते अजून बाहेर आलेले नाहीत. पुढे शिकले, शास्त्र समजून घेतलं, शिक्षक झाले, पण कारण कळल्यावर आश्चर्य संपतं असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. मुलांना ते सांगत, "दिवसा उन्हामुळे आभाळात एक गोधडी अंथरलेली असते. लांबचे आवाज ती पिऊन टाकते. दिवस बुडाला की गोधडी निघते, आणि तिच्या वरचं आभाळ तेच आवाज खाली परत फेकतं." मुलं हे घरी जाऊन सांगत आणि म्हाताऱ्या बायका संध्याकाळी वर बघत.

त्यांची रेडिओ लावायची पद्धत मात्र मला कळायला वेळ लागला. आपण सगळे बटण फिरवतो. सर बटण एकदा लावून सोडत आणि रेडिओच फिरवत. ओटीवर पाटावर रेडिओ, आणि सर त्याला हळूहळू गोल वळवताहेत, असं ते दृश्य असे. शाळेतली मुलं म्हणत, सर रेडिओला प्रदक्षिणा घालायला लावतात. मीही मनातल्या मनात हसत होते.

माझं हसणं दिवाळीच्या सुट्टीआधी थांबलं. तब्येत बरी नसल्याने मला गावी जाता येणार नव्हतं. मी कोणाला काही बोलले नव्हते, पण कुडाला कान असतात, आणि वहिनींना तर होतेच. संध्याकाळी सरांनी मला ओटीवर बोलावलं. रेडिओवर मुंबईचं केंद्र धो धो वाजत होतं आणि त्याच्या आवाजाखाली दुसरं काहीतरी चिरडल्यासारखं होत होतं. "बाई, याला जरा तिकडे वळवा," सर म्हणाले. मी रेडिओ वळवला. मुंबई बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि तिच्याखालून एक माणूस वर आला. तो सांगलीच्या बाजारातले हळदीचे भाव सांगत होता.

मी जागेवर थिजले. माझ्या वडिलांचं हळदीचं रान होतं. हाच आवाज, हेच भाव, आमच्या सोप्यात रोज संध्याकाळी वडील मान हलवत ऐकत असत. त्या क्षणी तेही ऐकत असणार. हळदीचे भाव ऐकून हुंदके देणारी बाई महाराष्ट्रात मीच पहिली असेन. सर उठून आत गेले आणि बाजारभाव संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. त्यानंतर रोज त्या वेळेला, काहीही ऐकत असले तरी, सर रेडिओ सांगलीकडे वळवून कुडाला लावून ठेवत.

हे झालं संध्याकाळचं. दिवसा सर जे करत, ते पाहून तर मला त्यांच्या डोक्याचीच काळजी वाटू लागली. कापणीच्या दिवसांत मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत रेडिओ कानाशी धरून बसत. त्यातून नुसता 'हिस्स' असा आवाज. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, काही लागत नाहीये."

"म्हणूनच ऐकतोय," ते म्हणाले. "दोन केंद्रांच्या मधे जिथे काहीच लागत नाही ती ही रिकामी जागा. तिथे कोणी बोलत नाही, म्हणून आभाळाचं ऐकू येतं." मग त्यांनी मला कान द्यायला सांगितलं. त्या हिस्समध्ये मधूनच एक तड् असा आवाज येत होता. "ही वीज. घाटापलीकडे कुठेतरी चमकते आहे. आपल्याला दिसत नाही, गडगडाटही पोचत नाही. पण रेडिओला कळतं. हे तडतडणं दाट होऊ लागलं की ती आपल्याकडे निघाली."

परतीच्या पावसात आमच्या भागात वीज पडून माणूस किंवा जनावर दगावल्याची बातमी कोणाला नवी नसते. भात कापायला आलेलं असतं, माणसं उघड्या शेतात वाकलेली असतात, आणि घाटावरून ढग असे उतरतात की पळायला सवड मिळत नाही. म्हणून सरांनी एक रीत पाडली होती. रिकामी जागा दाट तडतडू लागली की ते शाळेची घंटा, म्हणजे वडाला टांगलेला रुळाचा तुकडा, सलग बडवत. ती घंटा ऐकली की शेतातली माणसं घराकडे निघत. मी पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा वर्गात कविता शिकवत होते. बाहेर लख्ख ऊन. मुलं न सांगता उठून खिडक्या लावू लागली आणि माझा पारा चढला. "कोणी सांगितलं उठायला?" म्हणून मी ओरडले. ओरडणं संपायच्या आत घाटाची बाजू काळी झाली, आणि थोड्या वेळाने मी खिडकीत उभी राहून, आ वासून, पलीकडच्या माळावर वीज उतरताना पाहिली.

असं काही वर्षं चाललं. लोक पंचांग बघायचे तसं दुपारी एकमेकांना विचारायचे, "सरांचा रेडिओ काय बोलतो?" आणि मग ती दुपार आली.

कापलेलं भात शेतात वाळत पडलं होतं. चांगलं ऊन आणि वारा होता. सरांनी मधल्या सुट्टीत रेडिओ लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. रिकामी जागा लाह्या भाजल्यासारखी तडतडत होती. इतकं दाट त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते धावत गेले आणि त्यांनी घंटा बडवली. भात भिजू नये म्हणून सगळं गाव शेतात उलटलं. अर्धवट ओलं भात भराभर बांधून लोकांनी भारे घरात आणि पडवीत रचले. आभाळ निळंच राहिलं. आम्ही रेडिओपाशी उभे होतो. लोडशेडिंगची वेळ झाली, शाळेची लाइट गेली, आणि त्याच क्षणी ती तडतड थांबली. रेडिओ सेलवरचा होता, तो चालूच होता. हिस्स आवाजही होता. फक्त तडतड गेली.

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. शाळेशेजारच्या विजेच्या खांबावरची एक तार सैल झाली होती आणि वाऱ्याने हलत होती. "बाई," ते म्हणाले, "हे आभाळ नव्हतं. हा खांब होता." त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. रेडिओ फिरवून पाहिला असता तर कळलं असतं. मुंबई जशी एका बाजूला वळवल्यावर बारीक होते, तशी ती तडतडही झाली असती, आणि ती खांबाकडूनच येते हे उमगलं असतं. रोज संध्याकाळी रेडिओ फिरवणारा माणूस त्या घाईत तो फिरवायलाच विसरला होता.

ओलसर भारे आतून तापले. चार-आठ दिवसांत पडव्यांतून कुबट वास यायला लागला आणि बऱ्याच जणांचा दाणा काळा पडला. सर घरोघर गेले, प्रत्येक खळ्यावर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी झाली." एवढे ज्येष्ठ शिक्षक, ज्यांच्या हाताखालून निम्मं गाव शिकून गेलं, ते असे उभे राहिलेले पाहून माझ्याच्याने तिथे थांबवेना. मग शाळा सुटल्यावर ते रोज हिराबाई मावशींच्या मागच्या अंगणात जात आणि त्यांचं भात पसरून वाळवू लागत. मावशी त्यांना हाकलत नव्हत्या, पण बोलतही नव्हत्या. शेवटी एक दिवस बोलल्या.

"सर, तुमचा रेडिओ तुमच्यापाशी ठेवा. पुन्हा ती घंटा वाजली तर मी उचलून नदीत टाकीन."

त्या संध्याकाळी सर मला म्हणाले, "बाई, माझी लाज गेली त्याचं काही वाटत नाही. पण पुढच्या खेपेला वीज खरीच येईल, आणि कोणी हलणार नाही." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. घंटा एकाच्या हातात असली की चूक एकाची होते आणि नुकसान सगळ्यांचं, म्हणून ज्याने-त्याने स्वतः ऐकलं पाहिजे. तेव्हा घरोघरी रेडिओ होते. सर घरोघर जाऊन रिकामी जागा दाखवू लागले. "तडतड आली की आधी रेडिओ फिरवा. मग चालून बघा. खांबाकडे जाताना वाढली तर वायरमनला सांगा. कुठेही जा, तेवढीच राहिली, आणि दाट होत गेली, तर घरी पळा." काहींनी शिकून घेतलं, काहींनी सरांचं मन राखायला मान हलवली. मावशींनी दारातूनच परत पाठवलं.

पुढच्या वर्षीच्या कापणीत सर म्हणाले होते तेच घडलं. दुपारी त्यांनी ऐकलं, रेडिओ फिरवला, आवारभर चालून पाहिलं, आणि मग घंटा दिली. मी वरच्या वर्गाच्या खिडकीत होते. घंटा जिवाच्या आकांताने वाजत होती आणि समोरच्या शेतांत जवळजवळ एकही मान वर होत नव्हती. ज्यांनी शिकून घेतलं होतं तेवढी दोन-तीन घरची माणसं निघाली. बाकीचे विळे चालूच राहिले.

सरांनी हातोडा टाकला आणि धावत सुटले. बांधाबांधावरून हाका मारत गेले. त्यांना पाहून काही उठले, काही हसले. मावशी मात्र पाठ करून कापत राहिल्या. त्यांची बैलजोडी बांधावरच्या आंब्याखाली उभी होती. सर त्यांच्यापुढे जाऊन काहीतरी बोलले, मावशींनी हात झटकला. आणि मग, कधी कोणाला अरे-तुरे न करणाऱ्या आमच्या देसले सरांनी, मावशींच्या हातातला विळा हिसकावून घेतला आणि पळ काढला.

माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढे धोतर सावरत विळा घेऊन सर, मागे पदर खोचून मावशी, आणि मावशींच्या तोंडी जे होतं ते गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. दोघं शेत ओलांडून शाळेच्या पायरीशी आले, आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. आवाज मागाहून आला की आधी, ते मला आजही सांगता येणार नाही. भिंतीला धरून उभी राहिले तेव्हा मला दिसलं की आंब्याची एक फांदी जमिनीवर आली आहे आणि दोन्ही बैल आडवे पडलेत.

मावशींनी मागे वळून पाहिलं. सरांनी विळा पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि पायरीवर बसल्या. त्या बैलांना त्यांनी पोरांसारखं वाढवलं होतं. सर त्यांच्याशेजारी, पावसात, खालच्या पायरीवर बसून राहिले. 'मी सांगत होतो' हे वाक्य त्यांनी तेव्हा उच्चारलं नाही आणि पुढेही कधी नाही. मला त्यांच्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा त्या न उच्चारलेल्या वाक्याचं मोल जास्त वाटतं.

काही दिवसांनी सकाळी मी शाळेला निघाले होते. पलीकडच्या दारात मावशी उभ्या होत्या, काखेत त्यांचा भजनाचा रेडिओ.

"सर हायेत का?"

सर बाहेर आले. मावशींनी रेडिओ पुढे धरला. "रिकामी जागा कुठं ती दाखवा."

मावशींनी त्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला, आणि नेलपॉलिश माझं होतं. त्या वर्षापासून त्यांचा रेडिओ कापणीत शेतातल्या खुंटाला टांगलेला असे आणि त्यातून काहीही वाजत नसे. परगावचे मजूर हसत. मावशी म्हणत, "हसा. हा बोलला का मग तुमी हसू नका, पळा." पुढे मोबाइल आले, पोरांच्या हातात एफएम आलं. गाणी स्वच्छ झाली, पण त्यात आभाळाची तडतड येत नाही. जुने रेडिओ मोडीत निघाले. मावशींनी मात्र आपला कोणाला हात लावू दिला नाही.

सर निवृत्त झाले आणि गावाच्या कडेला त्यांनी छोटं घर बांधलं. अंगणाच्या टोकाला मोहाचं जुनं झाड, त्याखाली बाज. तिथे बसून दुपार उतरू लागली की ते लांबच्या केंद्रांची वाट बघत. मी शाळा सुटल्यावर अधूनमधून जात असे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "बाई, आज सांगली लागत नाही." रेडिओवर सांगली लागली होती. स्वच्छ लागली होती, बाजारभाव चालू होते. मी काही बोलणार, तेवढ्यात पाहिलं, सरांनी रेडिओ उचलून छातीला लावला. आवाजाची थरथर लागते का, ते बघत होते.

मी सुन्न झाले. ज्या कानांनी कोलंबो आणि मस्कत वेगळी केली, घाटापलीकडची वीज ऐकली, ते गेले होते. समोरासमोर मोठ्याने बोललेलं त्यांना कळे, पण बारीक आवाज सगळे गेले होते. सर माझ्याकडे पाहून ओशाळं हसले. "गावात बोलू नका. मलाच ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक ऐकायचं सोडून देतील." मी शब्द दिला (आज हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून लिहिते) आणि घरी येऊन रडले. मला भीती एकाच गोष्टीची होती. ज्यांनी सगळ्यांना इशारा ऐकायला शिकवलं, ते आता उंच झाडाखाली बसत होते आणि त्यांना इशारा ऐकू येणार नव्हता. झाडाखालून बाज हलवा म्हटलं तर म्हणत, "तिथेच उत्तम लागतं."

दसरा होऊन गेला होता. मी वहिनींकडे ओटीवर बसले होते. सर मोहाखाली, रेडिओ मांडीवर घेऊन, डोळे मिटून. डोक्यावर ऊन होतं. रस्त्याने हिराबाई मावशी पळत आल्या. साठी कधीच उलटलेली, अनवाणी, एका हातात रेडिओ, आणि तो रेडिओ तव्यावर मोहरी टाकल्यासारखा तडतडत होता.

"सर! उठा! आत चला!"

सरांनी डोळे उघडले, त्यांना पाहून त्यांचा चेहरा फुलला. "या मावशी, बसा," असं म्हणत त्यांनी बाजेवर जागा करून दिली.

मावशींनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं, एकवार आपल्या रेडिओकडे. त्यांना काय कळायचं ते त्याच घटकेला कळलं असावं. समजावत बसायला वेळ नव्हता. त्यांनी वाकून सरांच्या मांडीवरचा रेडिओ हिसकावला आणि घराकडे पळत सुटल्या.

"अहो मावशी! माझा रेडिओ! अहो!" सर उठले आणि त्यांच्यामागे धावले. पंचाहत्तरीकडे झुकलेला तो माणूस रेडिओसाठी कोवळ्या पोरासारखा धावला. मावशी ओटीवर चढून आत माजघरात शिरल्या, सर त्यांच्यामागे, मी आणि वहिनी घाबरून त्यांच्यामागे. आणि बाहेर आभाळ फाटलं.

घर हललं. कौलं खाली आली. मी किंचाळले की वहिनी, ते कळलं नाही. धूर विरल्यावर दारातून पाहिलं तर मोह उभा चिरला होता, आणि बाजेच्या दोऱ्या जळत होत्या. सर ज्या जागेवर बसले होते ती जागा काळी पडली होती. त्या जागेवरून माझी नजर हटेना.

सर भिंतीला टेकून धापा टाकत होते. पहिला शब्द त्यांचाच आला. "मावशी," त्यांनी विचारलं, "तुम्ही रेडिओ फिरवून बघितला होतात ना?"

मावशी त्यांच्या कानाशी जाऊन, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "फिरवला! खांबापोत चालत गेले पण! तुमीच शिकवलं ना? आता गप बसा!" मग त्यांनी सरांचा रेडिओ पदराने पुसून त्यांच्या हातात दिला. "आणि त्या विळ्याची फिटंफाट झाली."

सर रेडिओ छातीशी धरून रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. ज्या मावशींचं भात सरांच्या चुकीने काळं पडलं, त्यांनीच सरांची शिकवण जपून, पारखून, सरांसाठी वापरली होती. शिक्षकाला याहून मोठं काय मिळतं, मला माहीत नाही. आज सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त शाल-श्रीफळ देताना आपण सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं की त्यांचा खरा सत्कार त्या दुपारी माजघरात होऊन गेला आहे.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, ही मागणी मी त्याच आभाळाकडे करते ज्याने त्यांना एवढे आवाज दिले आणि एकदा आम्हां सगळ्यांचा श्वास रोखला. वहिनींची साथ त्यांना लाभत राहो. कापणीच्या दिवसांत मावशी त्यांना दुपारचं अंगणात बसू देत नाहीत, तो धाकही त्यांना अनेक वर्षं लाभो.

संध्याकाळी मात्र बाज अंगणात येते. मीही आता निवृत्त आहे, रोज जाते. रेडिओ पाटावर ठेवते, मुंबई बारीक होईपर्यंत वळवते, आणि माझे वडील जाऊन किती वर्षं झाली तरी तो बाजारभाव वर येतो. सर माझ्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. माझा चेहरा बदलला की त्यांना कळतं, आणि ते विचारतात, "लागली का सांगली? हळद काय म्हणते?"

मी त्यांच्या कानाशी वाकते आणि मोठ्याने सांगते.